नळीतलं माहेर

१२ जानेवारी, रविवार

थुंकले! सकाळी उठून काय केलं, तर एका प्लास्टिकच्या नळीत थुंकले — तेही चहा न पिता.

सानवी कालच दापोलीहून आली. माझी नात. तिकडे शेतकी कॉलेजात आहे, भाताच्या जाती आणि बियाणं असलं शिकते. येताना दोन खोकी घेऊन आली. कॉलेजातल्या पोरींनी मिळून मागवली म्हणे, एकावर एक फुकट. खोक्यात नळी. नळीत थुंकायचं, पाठवायचं, मग ते लोक फोनवर कळवतात की तुमच्या अंगात आजा-पणजापासून काय काय आलंय. पुढे कुठलं दुखणं होण्यासारखं आहे तेही.

एक खोकं तिचं. दुसरं आईसाठी आणलं होतं. सानिका माझी सून, शाळेत शिकवते. ती म्हणाली, मला काय झालंय म्हणून मी थुंकू? मग संदेशला विचारलं. माझ्या या लेकाने पेपरातून मान वर न काढता सांगितलं — "नको." एक शब्द. त्याचा बापूस असाच. हे एसटीत ड्रायव्हर होते. दिवसभर घाटात हॉर्न वाजवायचे आणि घरी आले की तोंडातून आवाज नाही.

उरले मी. फुकटचं खोकं वाया कशाला घालवायचं?

पण थुंकी येईना. जन्मभर कुणाकुणावर थुंकावंसं वाटलं तेव्हा तोंड कसं भरून यायचं, आज एवढीशी नळी भरेना. सानवी म्हणाली, आजी, चिंच आठव. मी विहीणबाईंना आठवलं. नळी भरली.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या यमुनाबाईंना तिळगूळ दिला आणि सांगितलं, माझी थुंकी विमानातून गेली. त्या म्हणाल्या, तुमचं राहिलं, थुंकी तरी बसली. बाई कधी कधी बरं बोलते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल आला. सानवी मुद्दाम दोन दिवस घरी आली होती. जेवायच्या आधी सगळी फोनभोवती बसलो. संदेश पण बसला, पण पेपर घेऊन.

आधी गमतीजमती. माझ्या कानातला मळ ओला आहे म्हणे. हे मला माहीत नव्हतं होय! केस कुरळे असण्याची शक्यता आहे — मी पदर काढून दाखवला, झाडूच्या हिरासारखे सरळ. म्हटलं, यांनी माझी नळी सोडून दुसऱ्याच कुणाची उघडली.

मग एक पान आलं, कुलूप लावलेलं. ते उघडेना. आधी विचारतं, हे तुम्हाला बघायचं आहे का. मग विचारतं, नक्की का. मग परत, नीट विचार केलाय का. म्हटलं, लग्नात मला कुणी एकदा पण विचारलं नव्हतं, दाब.

सानवीचं आधी उघडलं. हिरवं. काही नाही.

माझं उघडलं आणि ती गप्प झाली. ही पोर झोपेत पण बोलते, ती गप्प! मग तिने हळूहळू सांगितलं. माझ्या अंगात एक बिघाड आहे, जन्मापासूनचा. त्याचं इंग्रजी नाव आहे, अक्षरं आणि आकडा. ज्या बायकांच्यात तो असतो त्यांना छातीचा कॅन्सर व्हायचा धोका इतर बायकांपेक्षा पुष्कळ जास्त. ओटीपोटातला पण.

"झालाय असं नाही आजी. होऊ शकतो. आणि हे फोनवरचं शेवटचं नाही, दवाखान्यात रक्त देऊन खात्री करायची."

सानिका हातातला डाव तसाच धरून खाली बसली. संदेशने पेपराची घडी घातली. घडीची परत घडी घातली. मग उठून मागे गेला आणि पंपाचं बटण बंद करून आला. पंप चालूच नव्हता.

मी म्हटलं, जेवायला बसा, बांगडे गार होतायत.

१० फेब्रुवारी

आज कुणाची चेष्टा केली नाही. सानिका दोनदा कपाळाला हात लावून बघून गेली.

आई आठवते. मी गावच्या शाळेत चौथीत होते. आईच्या छातीत गाठ होती, ती तिने कुणाला सांगितलीच नाही. पदर घट्ट घ्यायची. भाताची लावणी लावताना एक हात वर जाईना तेव्हा कळलं. पुढच्या लावणीला ती नव्हती.

मग अक्का. माझी मोठी बहीण. लग्न होऊन मुंबईला गेली, दोन पोरं झाली आणि तिला पण तीच गाठ. गावात लोक म्हणायला लागले, मुंबईला जाताना वेशीवरच्या राखणदार देवाचा नारळ चुकवला हिने. नवऱ्याने आणून माहेरी ठेवली. बाबांनी नारळ दिले, कोंबडा दिला. अक्का येईल त्याला हात जोडायची — माझं काय चुकलं असेल तर पदरात घ्या. तापात पण तेच. माझं काय चुकलं, माझं काय चुकलं. तसंच विचारत गेली.

अक्का गो, तुझं काही चुकलं नव्हतं. नारळाचा काही संबंध नाही. तू जन्माला आलीस तेव्हाच ते तुझ्या अंगात होतं, आईकडून आलेलं. मला पण आलं. तुला गाठ झाली, मला अजून नाही, एवढाच फरक.

एवढ्या वर्षांनी कुणीतरी खरं कारण सांगितलं. एका नळीने.

रडले नाही. थोडी रडले.

१२ फेब्रुवारी

त्या खोकेवाल्या कंपनीच्या बाईचा फोन आला. माणसांना समजावून सांगायचीच तिची नोकरी. आवाज कोवळा, सानवीएवढा. कुणाला काय झालं, कुणी कितव्या वर्षी गेलं, सगळं विचारलं. मग म्हणाली, घरातल्या बाकीच्यांनी पण तपासून घ्यायला हवं. मी छाती पुढे काढून सांगितलं, काही काळजी करू नका, सुनेला उद्याच पाठवते. आमच्या घराण्याची आता तीच.

ती हसली. "सून नाही हो आजी. तुमच्या पोटची मुलं कोण कोण?"

पोटची! मी फोन धरून तशीच उभी. तेजू.

तेजस्वी माझी मुलगी. दापोलीला दिली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, दोन पोरं आहेत तिला. आणि मी घरातल्या बायका मोजल्या, त्यात सून आली, नात आली, तेजू आली नाही. दिली म्हणजे दिली. रेशनकार्डावरून नाव काढलं तसं मी पण काढून टाकलं होतं की काय?

मुलीला असू शकतं आणि मुलाला पण असू शकतं, असं ती म्हणाली. दोघांना सारखंच.

फोन ठेवल्यावर पुढचं आम्ही घरात बसून लावलं. सानवीला नाही, म्हणजे तिच्या बापाला नाही. पऱ्याचा ओहोळ खाली कोरडा, म्हणजे वर पण पाणी नाही. संदेश सुटला. सानिकाने लगेच देवापुढे साखर ठेवली. संदेश काही बोलला नाही, पण तो कधी बोलतो?

राहिली तेजू.

१६ फेब्रुवारी

सानिका म्हणते, आई, बाहेर कुठे बोलू नका, सानवीचं लग्न व्हायचंय. पण मी तर परवाच बाजारात सांगून आले. बांगड्याचा भाव करता करता! कोळीण म्हणाली, मग तुला चार जास्त घालते. बघ, फायदाच झाला.

लपवून लपवून माझी आई गेली. मी नाही लपवणार. सानिकाला असं सांगितलं, तर रात्री तिने मला हळद घालून दूध आणून दिलं.

यमुनाबाईंच्या कानावर गेलंच. रोज माझ्याकडून विरजण न्यायच्या, आज वाटी परत पाठवली. दही नको म्हणे, सर्दी झालीय. म्हणून मीच विरजण घेऊन गेले. म्हटलं, घ्या की, यात थोडासाच कॅन्सर घातलाय, साखर टाका, कळणार पण नाही. दार लावून घेतलं बाईने.

उद्या परत जाणार आहे.

२० फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. छातीचा फोटो काढायचं मशीन बघितलं. दोन पाट्यांमध्ये धरतात आणि दाबतात, पापड दाबायच्या यंत्रासारखं. मशीनवाली पोरगी म्हणाली, घट्ट धरलंय, जरा सोसा. म्हटलं, बाय माझी, एवढ्या मनापासून धरलेलं आता आठवत पण नाही. ती एवढी हसली की फोटो हलला, परत काढायला लागला.

फोटो स्वच्छ आहे. गाठ नाही. खात्रीसाठी रक्त पण घेतलं, ते कोल्हापूरला जाणार.

संदेश बाहेर बाकावर बसला होता, माझी पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हात पिशवीवर. हे असेच बसायचे. मशीनवाली म्हणाली, मुलगा ना तुमचा, तुमच्यासारखा दिसत नाही. मी त्याच्यासमोरच सांगितलं — "नऊ महिने पोटात ठेवला, भाडं घेतलं नाही, आणि निघताना माझी एक वस्तू उचलली नाही मेल्याने. नाक बापाचं, चाल बापाची, तोंडाला कुलूप ते पण बापाचंच."

तो हसला पण नाही. पिशवी उचलली आणि चालायला लागला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीने दापोली गाठली. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती.

तेजूच्या घरची आंब्याच्या कलमांची नर्सरी. जावई शुभंकर चांगला आहे, बायकोला हाक मारताना आवाज खाली आणतो. विहीणबाई ओटीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, आई, अक्का, नळी, सगळं. तेजू ऐकता ऐकता पांढरी पडली.

विहीणबाई ठाम. म्हणाल्या, आमच्या घरात आली तेव्हाच तिचं कुळ बदललं, देव बदलला, नाव सुद्धा आम्ही बदललं. तुमच्या घरातलं दुखणं तुमच्या घरात. आमच्या सुनेला त्यातलं काही नाही.

माझ्यासमोर कलमांच्या पिशव्या रांगेत लावलेल्या. मी विचारलं, विहीणबाई, हे खालचं खोड कशाचं?

रायवळाचं, त्या म्हणाल्या.

आणि वर बांधलंय काय?

हापूस.

"मग आंबा कुठला धरणार याला?"

विहीणबाईंनी तोंड फिरवलं. शुभंकर मागे उभा होता, तो माझ्याकडे हात करून म्हणाला, या आई बरोबर बोलतायत, हापूसच धरणार. मी म्हटलं, तसंच माझं कलम तुमच्या खोडावर बांधलंय. पाणी तुमचं पितं, सावली तुमच्या अंगणात देतं, पण आतलं माझं ते माझंच राहिलं. गोड पण, किडकं पण.

एवढं चांगलं बोलले मी! मला वाटलं जिंकले.

पण तेजू उठली आणि म्हणाली, मला नाही करायचं. सासूबाईंचं काही नाही. मलाच नाही करायचं.

येताना एसटीत खिडकीशी बसले आणि भाजलेले शेंगदाणे पण खाल्ले नाहीत.

२४ फेब्रुवारी

तेजू फोन उचलत नाही.

२ मार्च

तेजूने फोन उचलला.

मी नेहमीसारखी सुरुवात केली, काय गो हापूस, कशी आहेस. ती हसली नाही. म्हणाली —

"आई, तुला चेष्टा करता येते म्हणून तुला जमतं. मला नाही जमत. आत्ता मला माहीत नाही, म्हणून मी सकाळी उठते, डबे करते, पोरांना शाळेत सोडते. कळलं की रोज उठल्यावर आधी ते आठवणार. मी रोज थोडी थोडी मरेन."

चेष्टा तर आली नाहीच, शहाणपण पण नाही. एवढंच म्हटलं, बरं. तुझं अंग, तुझी मर्जी.

फोन ठेवला आणि वाटलं, माझी आई पण असंच मनात म्हणाली असेल. पदर घट्ट घेताना.

संदेश बाजूलाच होता. सगळं ऐकलं त्याने. पेपर उलटा धरलेला.

१६ मार्च, रविवार

शिमगा. काल माहेरी आले, संगमेश्वरच्या आतल्या गावात. मुंबईवाले सगळे आलेत, वाडीत पाय ठेवायला जागा नाही. तेजू पण आली, नवऱ्याला, पोरांना घेऊन. पालखीला माहेरवाशीण आणि तिची लेक येतेच, त्याला सासू पण नाही म्हणू शकत नाही.

म्हाताऱ्या बायका संदेशला धरून धरून बघत होत्या. अगदी बापूस गो, अगदी बापूस. मी म्हटलं, हो, माझ्याकडे फक्त ठेवायला दिला होता.

पालखी आज आमच्या अंगणात येणार. गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या भावाचा, भागोजीचा. देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने तोच मागतो, आणि बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचं. सकाळी मी त्याला परसात गाठलं. म्हटलं, भागोजी, आज गाऱ्हाण्यात एक जास्तीचं मागशील? लेकींना तपासायला जायची हिंमत दे म्हणून?

तो बिचकला. "हौसे, छातीबितीचं देवासमोर कोण बोलतं? लोक हसतील."

म्हटलं, हसू देत, शिमगाच आहे. त्याने मुंडासं बांधता बांधता मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. भागोजीला मुलगी नाही, त्यामुळे तो या बाबतीत निवांत.

दुपारी ढोल वाजत पालखी आली. नाचवली, गुलाल उडाला, अंगणात टेकवली. सवाशिणींनी ओट्या भरल्या. मी विधवा, मी मागे उभी, हातात कुणाच्या कुणाच्या पोरांच्या चपला. त्याचं मला काही नाही. मागे उभं राहिलं की सगळ्यांच्या पाठी दिसतात, कुणाच्या साडीला किमतीची चिठ्ठी राहिलीय ते पण दिसतं.

भागोजी पुढे झाला. नारळ हातात. नेहमीचं म्हटलं, गुराढोरांचं, शेताचं, मुंबईच्या पोरांच्या नोकऱ्यांचं. होय महाराजा, होय महाराजा. मला वाटलं संपलं. पण तो थांबला. घसा साफ केला.

"आणि देवा महाराजा, ज्या लेकी आम्ही दुसऱ्या घरी दिल्या, त्या आमच्याच हायत रे महाराजा!"

होय महाराजा!

"आम्हाला जन्म दिलेल्या आवशीचं दुखणं त्यांच्या अंगात गेलं असंल, तर ते येळेवर कळू दे. तपासायला जायचं धाडस त्यांना दे रे महाराजा!"

होय महाराजा! बायकांचा आवाज मोठा झाला होता.

"आणि आमच्या अक्काला नारळाचा बोल लावला होता, तिची काय बी चूक नव्हती. तो बोल आज आम्ही मागे घेतो रे महाराजा!"

हे मी सांगितलं नव्हतं. हे त्याचं त्याने घातलं.

मी हातातल्या चपला छातीशी धरल्या, होय महाराजा म्हणायचं राहूनच गेलं. पण अख्खं अंगण म्हणालं. बोल लावणारे म्हातारे अजून आहेत काही, ते पण म्हणाले. भागोजीने नारळ असा फोडला की पाणी माझ्या पायावर आलं.

माझा भाऊ! लहानपणी बेडकाला घाबरायचा.

संध्याकाळी तेजू विहिरीवर पाय धूत बसली होती. संदेश तिच्याजवळ गेला. मी मागे होते, मला ऐकू यावं म्हणूनच होते. तो म्हणाला, तेजू, मी पण रक्त देतो. दोघं जाऊ.

"तुला कशाला दादा? तुझी सानवी सुटली ना?"

"सोबतीला."

एक शब्द. पण तेजू बघत राहिली त्याच्याकडे, आणि मग म्हणाली, चल.

मी एवढी कलमं बांधली, एवढं बोलले, आणि जमलं कुणाला? मुक्याला.

२१ मार्च

माझं कोल्हापूरहून आलं. नळीने सांगितलं तेच. पक्कं.

डॉक्टरीण बाई हुशार. म्हणाली, छातीवर आपण दर वर्षी लक्ष ठेवू. ओटीपोटातलं मात्र वेळेवर कळत नाही, तिथलं अंडाशय आधीच काढून टाकलेलं बरं. तुमच्या वयाला त्याचा आता काही उपयोग पण नाही. मी म्हटलं, बाई, दुकान कधीच बंद झालंय, आता शटर पण न्या. तिला पाणी प्यावं लागलं.

संदेश आणि तेजूने आजच रक्त दिलं. शेजारी शेजारी बसून. तेजूने डोळे मिटले होते. संदेशने उघडे ठेवले होते, तिच्यावर.

९ एप्रिल

ऑपरेशन झालं. तीन भोकं पाडून काढलं, एवढुशी. बासरी झाले मी.

आमच्या घराण्यात दुखणं यायच्या आधी त्याच्या दारात जाऊन उभी राहिलेली पहिली बाई मी. आईला सांगितलं मनात. अक्काला पण. चालताना ओढ बसते, पण मान आपोआप वर राहते.

तेजू आठवडाभर राहायला आलीय. विहीणबाईंनी आंब्याची पेटी पाठवली. वर चिठ्ठी, शुभंकरच्या अक्षरात, पण बोल त्यांचेच — हापूस आहे, खोड विचारू नका. मला हसून टाके दुखले. बाई तर माझ्यासारखी निघाली!

आणि यमुनाबाई आल्या दुपारी. वाटी घेऊन. विरजण मागितलं. मग बराच वेळ पदराशी खेळत बसल्या आणि हळूच विचारलं, ते दाबायचं मशीन कुठल्या मजल्यावर आहे हो? मी चेष्टा करणार होते, तोंडात आली पण होती. गिळली. म्हटलं, तुम्ही एकट्या जाऊ नका, मी येते.

२४ एप्रिल

तेजूला नाही! नाही! नाही!

फोनवर ती रडत होती आणि मागून विहीणबाई ओरडत होत्या, सांगितलं नव्हतं कुळ बदललं म्हणून! म्हणू दे. आज त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

संदेश पेढे घेऊन आला. सगळ्यांना वाटले त्याने. यमुनाबाईंना पण. सानिका गाणं म्हणत भाकऱ्या करत होती. मी दोन पेढे खाल्ले आणि कोल्हापूरच्या त्या लोकांना आशीर्वाद दिला.

२५ एप्रिल

संदेशचा निकाल पण कालच आला होता. त्याने खिशात ठेवला. तेजूचा पेढा कडू होऊ नये म्हणून.

त्याला आहे.

सानवीने त्याला फेब्रुवारीतच सांगितलं होतं म्हणे, बापाचं निम्मंच लेकीत उतरतं, तिला नसलं म्हणून बापाला नाही असं नसतं. कुणालाच बोलला नाही. सोबतीला म्हणून गेला.

सकाळी मला शेजारी बसवून त्याने सांगितलं. मला शब्द सुचेना. मला! मी त्याच्या हातावरून हात फिरवत बसले. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"आई, आता तरी म्हणू नकोस, तुझी एक वस्तू उचलली नाही म्हणून."

चेष्टा केली. माझ्या लेकाने. अशा वेळी. हे जन्मात असं बोलले नसते. असं फक्त मी बोलते.

सोमवारी त्याला डॉक्टरांकडे जायचंय. बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन या वेळी मी बसणार.